टीसीईपी पाण्यातून खरंच गेलं का? दोन जिवाणूंच्या प्रयोगाची सविस्तर कृती

टीसीईपी हे फोमला सहज आग लागू नये म्हणून मिसळायचं अग्निरोधक रसायन. पाण्यातलं टीसीईपी मी जिवाणूंकडून फोडून घेत होतो. रसायनं ओळखून मोजणाऱ्या जीसी-एमएस यंत्राच्या पडद्यावर टीसीईपीचं शिखर दिसेनासं झालं, तेव्हा मी वहीत ‘पूर्ण विघटन’ असं लिहून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच नमुन्यातलं क्लोराइड मोजलं. लिटरमागे २० मिलिग्रॅम टीसीईपी पूर्ण फुटलं असतं, तर सात मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड सुटायला हवं होतं. यंत्र मात्र ब्लँकइतकाच, म्हणजे टीसीईपी नसलेल्या नमुन्याइतकाच, आकडा दाखवत होतं. रेणू तुटला होता, पण क्लोरीन धरून बसलेले त्याचे तुकडे पाण्यातच होते. आणि हा तुकडा, म्हणजे २-क्लोरोइथेनॉल, तीव्र विषबाधेच्या बाबतीत मूळ रसायनापेक्षा कितीतरी घातक आहे. मी पाणी साफ केलं नव्हतं, आणखी विषारी केलं होतं.

पुढची सगळी कृती या एका चुकीभोवती उभी आहे. एम.एस्सी.चे विद्यार्थी, पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत बसणारी माणसं डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहे. फ्यूम हूड, शेकर आणि सेंट्रिफ्यूज ही किमान सोय हवी. घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करायचं हे काम नव्हे.

आधी रसायन ठरवा

अग्निरोधक हे एका रसायनाचं नाव नाही, ती मोठी जमात आहे. तिच्यातली दोन घराणी पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाची. पहिलं ब्रोमीनवाल्यांचं: पीबीडीई, एचबीसीडी, टीबीबीपीए. टीव्हीचं प्लास्टिक, सर्किट बोर्ड, थर्माकोलची पॅनेल यांत ही सापडतात. एकट्या पीबीडीईचेच २०९ प्रकार होऊ शकतात. चिवट विषारी रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने पीबीडीईंतले पेंटा आणि ऑक्टा वर्गातले २००९ मध्ये, एचबीसीडी २०१३ मध्ये आणि डेका (दहा ब्रोमीनचं पीबीडीई) २०१७ मध्ये बंदीच्या यादीत घातले. ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. गाळाला, मातीला, चरबीला चिकटून राहतात.

दुसरं घराणं फॉस्फरसवाल्यांचं: टीसीईपी, टीसीपीपी, टीडीसीपीपी. सोफ्याचा आणि गाडीच्या सीटचा फोम, इन्सुलेशन, काही रंग आणि प्लास्टिक यांत ती मिसळलेली असतात. ती प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेली नसल्यामुळे हळूहळू सुटत राहतात आणि धुळीतून, धुण्याच्या पाण्यातून, कचराभूमीच्या लीचेटमधून (कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यातून) बाहेर येतात. टीसीईपी तर लिटरभर पाण्यात सुमारे ७ ग्रॅम विरघळतं. म्हणून ते गाळात बसत नाही, नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेतून जवळपास जसंच्या तसं पुढे नदीत जातं. युरोपीय संघाने २०१० मध्ये प्रजननाला घातक म्हणून त्याला अतिचिंतेच्या रसायनांच्या यादीत घातलं.

पहिला प्रयोग टीसीईपीवर करावा असं मी म्हणतो. ते पाण्यात राहतं, मोजता येतं, आणि ते फोडणारे जिवाणू चांगले अभ्यासलेले आहेत.

इथे नावाचा एक घोळ सांगतो, कारण त्यातून चुकीची बाटली उचलली जाते. या घराण्यातल्या रसायनांना बाजारात सर्रास ‘ट्रिस’ म्हणतात. प्रयोगशाळेच्या फळीवरचा ट्रिस बफर अगदी वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. अग्निरोधक ट्रिसची गोष्ट जुनी आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतलं ब्रोमीनचं ट्रिस जनुकांत बदल घडवतं हे मांडलं, आणि त्याच वर्षी त्या कपड्यांवर बंदी आली. त्याच्या जागी क्लोरीनचं ट्रिस, म्हणजे टीडीसीपीपी, आलं. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतून दुसरा निबंध आला: हेही तसंच, आणि शरीरात त्याचे जे तुकडे होणं अपेक्षित आहे तेही तसेच. तुकड्यांकडे बघायचं असतं, हे तेव्हापासून लिहून ठेवलेलं आहे.

कोण खातं हे?

जपानच्या नागाओका तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दोन जिवाणू जाहीर केले: स्फिंगोबियम टीसीएम१ आणि स्फिंगोमोनास टीडीके१. त्यांनी वापरलेली युक्ती साधी आणि फार हुशारीची होती. माध्यमात साखर, नायट्रोजन, क्षार सगळं द्यायचं, फक्त फॉस्फरस द्यायचा नाही. फॉस्फरस हवा असेल तर तो त्या अग्निरोधकाच्या रेणूतूनच ओढून काढायचा. फॉस्फरसाशिवाय डीएनए होत नाही, एटीपी होत नाही, पेशीपटल होत नाही. ज्याला हा रेणू फोडता येतो, तोच वाढतो.

टीसीएम१ जवळ फॉस्फोट्रायएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे. कीटकनाशकं फोडणारी अशी विकरं आधीपासून माहीत होती, पण त्यांना सहज सुटणारा गट लागतो. टीसीएम१ च्या विकराचं तसं नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या फ्रँक राउशेल यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिलं, की सहजी न सुटणारे गटही ते तोडतं आणि तीन एस्टर बंधांपैकी कुठलाही बंध धरू शकतं.

टीसीईपीचे तिन्ही बंध तुटले की उरतं एक फॉस्फेट आणि तीन रेणू २-क्लोरोइथेनॉल. फॉस्फेट जिवाणू घेतो. क्लोरोइथेनॉलचं त्याला काही करता येत नाही. म्हणून नागाओकाच्या गटाने दुसरा जिवाणू जोडीला घेतला: झँथोबॅक्टर ऑटोट्रॉफिकस जीजे१०. हा नेदरलँड्समध्ये डिक यान्सन यांच्या गटाने १९८० च्या दशकात वेगळा केला होता, तोही वेगळ्याच कामासाठी, १,२-डायक्लोरोइथेन खाणारा म्हणून. जर्मनीत भूजलातलं ते रसायन काढायला त्याचा मोठ्या प्रमाणावर वापरही झाला. क्लोरोइथेनॉल त्याच्या नेहमीच्या वाटेवरचाच थांबा आहे: क्लोरोइथेनॉलचं क्लोरोअॅसिटाल्डिहाइड, त्याचं क्लोरोअॅसिटिक आम्ल, मग क्लोरीन सुटून ग्लायकोलिक आम्ल, आणि तिथून पुढे पेशीचं रोजचं चयापचय.

दुसरा जिवाणू लागणार की नाही, हे तुकडा कसला आहे त्यावर ठरतं. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी स्फिंगोबियम आरएसएमएस हा जिवाणू शोधला. तो ट्रायब्युटिल फॉस्फेट फोडतो. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत हे द्रावक वापरतात, आणि विमानाच्या हायड्रॉलिक तेलात ते आग लवकर पकडू नये म्हणूनही असतं. त्यातून निघणारा तुकडा म्हणजे साधं ब्युटेनॉल. ते तोच जिवाणू खाऊन टाकतो, दुसऱ्याची गरज पडत नाही. घराणं तेच आणि बंधही तसेच. फरक सगळा त्या क्लोरीनचा.

हिशेब आधी मांडा, फ्लास्क नंतर भरा

हे कागदावर न करता कामाला लागू नका. टीसीईपीचा रेणुभार २८५.५. लिटरमागे २० मिलिग्रॅम म्हणजे ०.०७ मिलिमोल. त्यातून पूर्ण विघटनानंतर काय निघायला हवं, ते असं:

- फॉस्फरस ०.०७ मिलिमोल, म्हणजे २.१७ मिलिग्रॅम, फॉस्फेट म्हणून मोजलं तर ६.६५ मिलिग्रॅम
- फक्त पहिला जिवाणू असेल तर २-क्लोरोइथेनॉल ०.२१ मिलिमोल, म्हणजे १६.९ मिलिग्रॅम
- दोन्ही जिवाणूंनी काम केलं तर क्लोराइड ०.२१ मिलिमोल, म्हणजे ७.४५ मिलिग्रॅम

मधला आकडा परत वाचा. २० मिलिग्रॅम टीसीईपी ‘नाहीसं’ करून तुम्ही जवळपास १७ मिलिग्रॅम क्लोरोइथेनॉल तयार करता. हे तीन आकडे कागदावर लिहून बाकावर चिकटवा.

काचसामान आणि माध्यम

या प्रयोगात सगळ्यात जास्त वेळ जायला हवा तो इथे. बहुतेक प्रयोग भांडी धुण्यातच फसतात.

फॉस्फरस नसलेलं माध्यम करायचं म्हणजे खरोखर फॉस्फरस नसलेलं. भांडी घासायच्या पावडरींत फॉस्फेट असू शकतं, आणि काचेवर राहिलेला त्याचा पातळ थरही जिवाणूंना चार दिवस पुरतो. आमच्याकडे फॉस्फरस न दिलेला कंट्रोल (तुलनेसाठीचा) फ्लास्क तीनदा गढूळ झाला. प्रत्येक वेळी आम्ही क्षारांच्या बाटल्या बदलत होतो. दोष घासणीत निघाला. तेव्हापासून नियम असा: सगळी काच १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर, मग ऊर्ध्वपातित पाण्याने सहा वेळा. हायड्रोक्लोरिक आम्ल नको, कारण पुढे क्लोराइड मोजायचं आहे. या कामाची काच वेगळ्या कपाटात ठेवा आणि ती दुसऱ्या कोणी घासणार नाही याची काळजी घ्या.

फ्लास्कला फोमची बुचं लावू नका. ती पॉलियुरेथेनची असतात, आणि त्या फोममध्येच अग्निरोधक असू शकतं. कापसाचा बोळा लावा. खोलीतल्या धुळीत, खुर्चीच्या गादीत, संगणकाच्या प्लास्टिकमध्येही ही रसायनं असतात. म्हणून प्रत्येक तुकडीबरोबर नुसत्या पाण्याचा एक ब्लँक तोच प्रवास करत यंत्रापर्यंत गेला पाहिजे.

आमचं माध्यम, एक लिटरसाठी:

- हेपेस बफर ४.८ ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइडने सामू (पीएच) ७.४ वर
- अमोनियम सल्फेट १ ग्रॅम
- पोटॅशियम सल्फेट ०.२ ग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट ०.२ ग्रॅम
- कॅल्शियम नायट्रेट ०.०५ ग्रॅम
- फेरस सल्फेट ५ मिलिग्रॅम
- मँगनीज, जस्त, तांबं, कोबाल्ट, मॉलिब्डेनम अत्यल्प प्रमाणात
- ग्लुकोज २ ग्रॅम, वेगळं निर्जंतुक करून

एकही क्लोराइड क्षार नाही, हे लक्षात आलं असेल. सवयीने मॅग्नेशियम क्लोराइड किंवा ट्रिस-एचसीएल टाकलंत, तर नंतरचे ७ मिलिग्रॅम त्या ढिगात शोधून सापडणार नाहीत. पोटॅशियम वेगळं द्यावं लागतं, कारण नेहमीच्या माध्यमात ते पोटॅशियम फॉस्फेटमधून येतं आणि ते इथे नाही. यीस्टचा अर्क तर अजिबात घालू नका, त्यात भरपूर फॉस्फरस असतो.

टीसीईपीचं मूळ द्रावण थेट पाण्यात करा, लिटरला २ ग्रॅम. अॅसिटोनमध्ये केलंत तर जिवाणूंना अॅसिटोन हाही खाऊ मिळतो आणि हिशेब बिघडतो. हे द्रावण ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करू नका, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक करा. १०० मिलिलिटर माध्यमाला १ मिलिलिटर घातलं की २० मिलिग्रॅमचं प्रमाण मिळतं.

जिवाणू मिळवणं

दोन मार्ग आहेत. पहिला, संग्रहातून मागवणं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं एनसीआयएम आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, चंडीगडला एमटीसीसी, हे आपल्याकडचे मोठे संग्रह. त्यांच्या यादीत हवा तो वाण नसेल तर परदेशी संग्रहातून आणावा लागतो, त्यासाठी संस्थेमार्फत परवानगी घ्या.

दुसरा मार्ग, आपल्याच मातीतून शोधणं. मला हाच जास्त आवडतो. कचराभूमीचं लीचेट, ई-कचरा मोडणाऱ्या जागेजवळच्या गटाराचा गाळ, प्रक्रिया केंद्राचा सक्रिय गाळ, असं कुठलंही पाणी घ्या जिथे हे रसायन बराच काळ येत आहे. जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्या.

१. पाच मिलिलिटर नमुना १०० मिलिलिटर माध्यमात घाला. एका फ्लास्कमध्ये टीसीईपी, दुसऱ्यात काहीच नाही, तिसऱ्यात थोडं पोटॅशियम फॉस्फेट. तिन्ही ३० अंशांवर, मिनिटाला १२० ते १५० फेऱ्यांच्या शेकरवर ठेवा.

२. तीन-चार दिवसांत तिन्ही गढूळ होतील. आनंद मानू नका. नमुन्यातूनच आलेल्या फॉस्फेटवर ही वाढ झालेली असते, आणि जिवाणू पेशीत पॉलिफॉस्फेटचा साठाही करून ठेवतात.

३. आठवड्याने प्रत्येकातून १ मिलिलिटर त्याच प्रकारच्या नव्या १०० मिलिलिटर माध्यमात न्या. जुना फॉस्फरस दर वेळी शंभरपट पातळ होतो. असं चार-पाच वेळा करा. तिसऱ्या वेळेपर्यंत काहीच न दिलेला फ्लास्क आरपार दिसायला हवा. फ्लास्कमागे छापील कागद धरून बघा: कंट्रोलमधून अक्षरं वाचता येतात आणि टीसीईपीच्या फ्लास्कमधून धूसर दिसतात, अशी जोडी मिळाली की काहीतरी हाती लागलं म्हणायचं. कंट्रोलही गढूळ असेल, तर परत काचेकडे.

४. आता ताटल्यांवर पसरा. साध्या अगारमध्ये फॉस्फरसाची भेसळ असते, म्हणून शुद्ध अॅगरोज वापरा. पिवळ्या वसाहतींकडे लक्ष द्या, स्फिंगोमोनाडांच्या वसाहती बहुधा पिवळ्या असतात. रंग ही फक्त खूण झाली, पुरावा नव्हे. झँथोबॅक्टरसुद्धा पिवळाच असतो.

५. प्रत्येक वसाहत पुन्हा द्रव माध्यमात तपासा, टीसीईपीसह आणि टीसीईपीविना. जी फक्त टीसीईपीसह वाढते, तीच ठेवा. जिवाणूची ओळख पटवायला तिचं १६एस आरआरएनए अनुक्रमण करून घ्या आणि ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर चार-पाच कुप्या जपून ठेवा.

पहिला टप्पा: रेणू फोडणं

वाढणाऱ्या पेशींत फॉस्फेट मोजायला जाल तर ते दिसणारच नाही, कारण भुकेलेला जिवाणू ते सुटल्याबरोबर गिळतो. म्हणून वाढ आणि विघटन वेगळं करायचं. पेशी टीसीईपीवर वाढवा, ५००० जी वर १० मिनिटं फिरवून खाली बसवा, फॉस्फेट नसलेल्या हेपेसने दोनदा धुवा आणि ६०० नॅनोमीटरला प्रकाशीय घनता (ओडी) १ येईल इतक्या त्याच बफरमध्ये मिसळा. ग्लुकोज घालू नका. आता पेशी वाढणार नाहीत, पण विकर काम करत राहील. तरी भुकेल्या पेशी थोडं फॉस्फेट उचलतातच. तो आकडा अपेक्षेपेक्षा जरा कमी आला तर घाबरून जाऊ नका.

२० मिलिग्रॅम प्रमाणाने टीसीईपी घालून ०, १, ३, ६ आणि २४ तासांनी नमुने काढा. सोबत तीन कंट्रोल हवेतच: नुसता बफर, उकळून मारलेल्या पेशी, आणि टीसीईपी न घातलेल्या जिवंत पेशी. मेलेल्या पेशींचा कंट्रोल टाळू नका. रसायन पेशींना किंवा काचेला चिकटून ‘कमी’ झालं असेल, तर ते त्याच्यातच दिसतं. सगळं तिहेरी करा.

मोजणी अशी. टीसीईपी इथाइल अॅसिटेटमध्ये ओढून जीसी-एमएसवर, २४९ वस्तुमानाच्या आयनावर. क्लोरोइथेनॉल जीसी-एफआयडीवर. फॉस्फेट मॉलिब्डेनम-निळ्या पद्धतीने, ८८० नॅनोमीटरवर. क्लोराइड आयन क्रोमॅटोग्राफवर. क्रोमॅटोग्राफ नसेल तर टीसीईपीचं प्रमाण १०० मिलिग्रॅमवर न्या. मग अपेक्षित क्लोराइड ३७ मिलिग्रॅमच्या आसपास येतं आणि क्लोराइड इलेक्ट्रोडवर नीट वाचता येतं. अशा वेळी क्लोरोइथेनॉल ८५ मिलिग्रॅमपर्यंत जाईल, त्या हिशेबाने काळजी घ्या. सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनावर ७ मिलिग्रॅमसाठी विसंबू नका, एवढ्या कमी प्रमाणात रंगबदलाचा बिंदू धड कळत नाही.

टीसीईपी खाली आलं, फॉस्फेट आणि क्लोरोइथेनॉल हिशेबाप्रमाणे वर गेलं, क्लोराइड जागचं हललं नाही: पहिला टप्पा साधला. टीसीईपी संपलं पण फॉस्फेट फारच कमी, तर बहुधा डायएस्टर किंवा मोनोएस्टरवर, म्हणजे दोन किंवा एक बंध शिल्लक असताना, काम अडलं आहे. तिन्ही बंध तुटलेले नाहीत, वेळ वाढवून बघा. फॉस्फेटही नाही आणि क्लोरोइथेनॉलही नाही, तर मेलेल्या पेशींचा आकडा काढून बघा.

दुसरा टप्पा: क्लोरीन सोडवणं

पहिल्यांदा दोन्ही जिवाणू एका फ्लास्कमध्ये घालू नका. पहिल्याचं काम संपवा, पेशी खाली बसवा, आणि वरचं पाणी दुसऱ्याला द्या. एकत्र ठेवलंत तर कोण कुठे अडलं ते कळत नाही.

जीजे१० आधी थोड्या २-क्लोरोइथेनॉलवर वाढवा, लिटरमागे १ मिलिमोलपासून सुरुवात करून. अल्कोहोलवर काम करणारं त्याचं विकर तसं वाढवल्यावरच तयार असतं. या टप्प्याच्या माध्यमात फॉस्फेट घालायला हरकत नाही, पण क्लोराइड नकोच. आणि हा जिवाणू पोषक अगारवर महिनोन् महिने फिरवत ठेवू नका. अॅल्डिहाइडवर काम करणाऱ्या विकराचं जनुक त्याच्या एका मोठ्या प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वेटोळ्यावर) असतं. खुराक आयता मिळत राहिला तर प्लाझ्मिड गळून पडू शकतं. मग क्लोरोअॅसिटाल्डिहाइडवर गाडी अडते, आणि ते क्लोरोइथेनॉलपेक्षाही वाईट. नेहमी मूळ कुपीतून ताजा घ्या.

जीजे१० नसेल तर २-क्लोरोइथेनॉल हाच एकमेव कार्बनस्रोत ठेवून सक्रिय गाळातून नवा जिवाणू शोधा. असे जिवाणू टीसीईपी फोडणाऱ्यांपेक्षा सहज सापडतात.

क्लोरोइथेनॉल उडून जातं. म्हणून बुच घट्ट हवं आणि आत ऑक्सिजनसाठी रिकामी जागाही हवी. १२५ मिलिलिटरच्या बाटलीत २५ मिलिलिटर द्रव, टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण. या बाटल्यांनाही जिवाणूविना कंट्रोल लागतो, नाहीतर उडालेलं क्लोरोइथेनॉल ‘खाल्लं’ म्हणून धराल.

क्लोराइड ७.४५ च्या जवळ पोचलं, आणि क्लोरोइथेनॉल, अॅल्डिहाइड, क्लोरोअॅसिटिक आम्ल यांपैकी काही उरलं नाही, तरच वहीत ‘पूर्ण’ लिहा.

टीडीसीपीपीसाठी हीच जोडी चालेल असं धरू नका. त्याचा तुकडा १,३-डायक्लोरो-२-प्रोपेनॉल, तो कर्करोगकारक असण्याची शक्यता मानली जाते. नागाओकाच्या गटाने त्यासाठी आर्थ्रोबॅक्टरचा वेगळा वाण घेतला होता.

शेवटी जिवंत कसोटी. आपल्याकडे सहज करता येते ती कांद्याच्या मुळांची. सारख्या आकाराचे, न मोडवलेले कांदे घ्या, जुन्या मुळांची चकती अलगद खरवडा, आणि तळ पाण्याला टेकेल असे चंबूच्या तोंडावर बसवा. चार प्रकारची पाणी: साधं, टीसीईपीचं, पहिल्या टप्प्यानंतरचं, दुसऱ्या टप्प्यानंतरचं. प्रत्येकात किमान पाच कांदे, अंधारात ७२ तास, मग मुळांची लांबी पट्टीने. पाणी आधी गाळून जिवाणू काढा आणि चारही पाण्यांचा सामू सारखा करा. कांदा थोड्या विषाला दाद देत नाही, म्हणून जमल्यास डॅफ्निया (पाणपिसू) या बारीक जलचरावरही चाचणी घ्या.

खऱ्या पाण्यात उतरताना

बफरमध्ये सुंदर चाललेलं काम सांडपाण्यात बहुधा थंडावतं. सांडपाण्यात फॉस्फेटची रेलचेल असते. फॉस्फरस आयता मिळत असताना असा अवघड रेणू फोडायची सोय जिवाणू चालू ठेवेलच असं नाही. शिवाय नद्यांत ही रसायनं नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम प्रमाणात असतात. तेवढ्यावर कुठलाही जिवाणू जगत नाही. म्हणून प्रदूषित पाण्यात जिवाणू नुसते ओतून काही होत नाही, पैसे मात्र जातात. कुठल्याही विहिरीत, नाल्यात किंवा नदीत प्रयोगाचे जिवाणू सोडू नका, तो मार्गच नाही.

करता येण्यासारखं आहे ते असं: पेशी आधी टीसीईपीवर वाढवून विकराने भरून घ्यायच्या, मग अल्जिनेटच्या मण्यांत अडकवून नळकांड्यात भरायच्या आणि पाणी त्यातून हळू सोडायचं. सोडियम अल्जिनेट २ ते ३ टक्के, त्यात पेशी, आणि थेंब थेंब करून कॅल्शियमच्या द्रावणात. इथेही कॅल्शियम क्लोराइडऐवजी कॅल्शियम नायट्रेट घ्या. आणि पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर मणी विरघळायला लागतात, कारण फॉस्फेट त्यांतलं कॅल्शियम ओढून घेतं. रोज एक मणी बोटांत दाबून बघा. कडक असेल तर ठीक, चिखलासारखा पसरला तर नळकांडं बदला. दोन नळकांडी एकापाठोपाठ, पहिल्यात टीसीएम१ सारखा, दुसऱ्यात जीजे१० सारखा. दुसऱ्याला हवा लागते, पण जोरात बुडबुडे सोडलेत तर क्लोरोइथेनॉल हवेत जाईल. मोजणी दोन्हींच्या मधेही करा आणि शेवटीही.

नदीच्या पाण्याइतक्या विरळ प्रमाणाला मी हा मार्ग सुचवणार नाही. तिथे सक्रिय कोळसा बरा. जिवाणूंची खरी जागा लीचेट आणि कारखान्याच्या आतलं, न मिसळलेलं सांडपाणी इथे आहे.

ब्रोमीनवाल्यांबद्दल थोडं

इथे क्रम वेगळा. आधी हवाबंद, मग हवेशीर. बिनहवेचे जिवाणू एकेक ब्रोमीन काढतात, उरलेला सांगाडा हवेतले जिवाणू खातात. इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटात रमत होवाव या औद्योगिक वसाहतीजवळच्या गाळावर झीव रोनेन आणि अहरोन अबेलिओविच यांनी २००० मध्ये हे टीबीबीपीएसाठी दाखवलं: हवाबंद अवस्थेत त्याचं बिस्फेनॉल-ए (हार्मोनांत ढवळाढवळ करणारं रसायन) झालं आणि हवा दिल्यावर ते बिस्फेनॉल-ए खाल्लं गेलं. पहिल्या टप्प्यावर थांबला असतात तर हातात बिस्फेनॉल-एच राहिलं असतं.

वेगाची अपेक्षा ठेवू नका. स्वित्झर्लंडमध्ये सांडपाण्याच्या गाळात डेका-बीडीईवर झालेल्या प्रयोगात २३८ दिवसांत ३० टक्केच घट झाली. शिवाय डेकाचे ब्रोमीन कमी झाले की जे खालचे पीबीडीई बनतात, ते शरीरात जास्त सहज शिरतात. त्यामुळे डेका किती घटलं यापेक्षा ब्रोमाइड किती सुटलं, तो आकडा बघा.

आवराआवर

क्लोरोइथेनॉल त्वचेतून आत जातं आणि साध्या रबरी हातमोज्यांतूनही पार होतं. मूळ बाटली हाताळताना पुरवठादाराच्या सुरक्षापत्रकात सांगितलेलेच हातमोजे, फ्यूम हूड आणि सोबत दुसरा माणूस, या तिन्ही गोष्टी हव्यात. पहिल्या टप्प्यानंतरचे फ्लास्क थेट ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. झाकण सैल असेल तर क्लोरोइथेनॉलची वाफ खोलीत येते. आधी दुसऱ्या जिवाणूला काम पूर्ण करू द्या, क्लोराइड मोजा, आकडा जुळला की मग ऑटोक्लेव्ह करा. जे फ्लास्क दुसऱ्या टप्प्याला पोचलेच नाहीत, ते घट्ट बंद करून हॅलोजनयुक्त घातक कचऱ्याच्या पिंपात जातील. त्यात जिवंत जिवाणू आहेत हे संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला आधी सांगा. वरच्या चिठ्ठीवर ‘टीसीईपी’ एवढंच लिहू नका, ‘२-क्लोरोइथेनॉल आहे’ हेही ठळक लिहा. बाटली उघडणाऱ्या माणसाला ते कळलं पाहिजे.